ज्याचें त्याचें नशीब

गेल्या महिन्यांत आमच्या संघाच्या कार्यकारी मंडळापुढें एक साधी सूचना आली होती. दुबार पेरणीची पाळी ज्या सभासदावर येईल त्यास उसनें बियाणें देतां यावें म्हणून संघानें उडीद, मूग वगैरे बियाण्यांची एक सामाईक कोठी ठेवावी, आणि तिच्यासाठीं प्रत्येकानें सुगीच्या वेळीं पायली-दोन पायली धान्य घालावें, एवढाच तिचा आशय. तीस विरोध होईल असें आम्हांस वाटलें नव्हतें. परंतु एक वृद्ध आणि कष्टाळू सभासद उठून म्हणाले, "ज्याच्या शिवारांत पाऊस पडला त्यानें पेरावें, ज्याच्या शिवारांत नाहीं पडला त्यानें वाट पाहावी. ज्याचें त्याचें नशीब. त्यांत संघाचें काय काम?" त्यावर एका तरुण सभासदानें उत्तर दिलें कीं, नशीब वगैरे कांहीं नाहीं, जो राबतो त्यास मिळतें, जो राबत नाहीं तो रडतो. मौजेची गोष्ट ही कीं, मत मात्र दोघांनींही सूचनेच्या विरुद्ध दिलें, आणि ती पुढील सभेपर्यंत तहकूब झाली.

हीं दोन बोलणीं परस्परविरुद्ध दिसतात, पण त्यांचा शेवट एकाच ठिकाणीं होतो. यश सर्वस्वी दैवाधीन असेल तर दुसऱ्यास हात देण्यांत अर्थ नाहीं. आणि तें सर्वस्वी स्वतःच्या कष्टाचें फळ असेल तर पडलेल्यानें आपल्या आळसाचें फळ भोगावें, त्यास हात कां द्यावा? शेतकऱ्यानें यांपैकीं एकही मत बाळगावें याचें आम्हांस नवल वाटतें. कारण दैव आणि उद्योग यांची गांठ प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहण्याचा योग त्याच्याइतका दुसऱ्या कोणत्याही धंदेवाल्यास येत नाहीं.

वाफशाचेंच उदाहरण घ्या. मृगाचा पाऊस पडणें न पडणें आपल्या हातीं नाहीं. पण पाऊस पडून गेल्यावर काळ्या जमिनीस वाफसा येतो, तो दोन-चार दिवसांचा असतो. चिखलांत पाभर घातली तर फण भरतात आणि बीं कुजतें. दोन दिवस अधिक दवडले तर वरची ओल उडते आणि बीं कोरड्यांत पडतें. ज्याचे बैल अंगानें भरलेले, ज्याची पाभर सुताराकडून दुरुस्त होऊन आलेली, ज्याचें बियाणें निवडून ठेवलेलें, त्याचें शेत तेवढ्या दिवसांत पेरून होतें. ज्याची पाभर अजून सुताराच्या अंगणांत पडली आहे, त्याच्याही शेतावर पाऊस तितकाच पडलेला असतो. (आतां बैलांच्या जागीं बहुतेक ठिकाणीं ट्रॅक्टर आला आहे, पण तो भाड्याचा असल्यानें वाफशाच्या दिवसांत त्याची पाळी लागणें हेंच एक नवें दैव होऊन बसलें आहे!) याउलट, सर्व सिद्धता करून वेळेवर पेरून बसलेल्या शेतकऱ्यास पुढें तीन आठवडे पावसानें हुलकावणी दिली, म्हणजे त्याचे कोंभ मातींतच जळतात. त्याच्या उद्योगांत काय उणें होतें? आमच्या तरुण मित्रानें याचें उत्तर द्यावें.

या विषयाचा विचार करितांना आम्हांस मुंबईची आठवण होते. मुंबई हें नशीब काढण्याचें गांव, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. आपल्या भागांत असें घर क्वचितच असेल कीं, ज्यांतील एखादा चुलता किंवा आजा लालबाग-परळच्या गिरणींत नव्हता. तेथील यशापयशाच्या कथा आपण मोठ्या चवीनें सांगतों, पण त्या अर्ध्याच सांगतों. त्यांतील एक कथा गिरगांवची आहे. तिचा संबंध पावसाशीं आणि उडदाशीं येतो, म्हणून ती आम्ही जरा विस्तारानें सांगणार आहों.

गिरगांवांतील लोहाणा निवासांत राहणाऱ्या सात गुजराती गृहिणींनीं १५ मार्च १९५९ रोजीं गच्चीवर बसून पापड लाटले. शिक्षण बेताचें, बाहेर नोकरीची सोय नाहीं, हातीं विद्या एकच, स्वयंपाकाची. भांडवल म्हणून ८० रुपये उसने घेतले होते. ते देणारे छगनलाल करमसी पारेख हे भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते. पहिल्या दिवशीं चार पुडकीं झालीं आणि तीं भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानें घेतलीं. 'लिज्जत' या नांवानें पुढें घरोघर माहीत झालेला धंदा तो हाच. त्या सातजणींपैकीं जसवंतीबेन जमनादास पोपट यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली.

येथपर्यंतची कथा पुष्कळांस ठाऊक असते. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो मधला भाग. मार्चमध्यें आरंभलेला धंदा पावसाळा लागतांच बंद पडला. पापड उन्हावर वाळतो, आणि मुंबईच्या आषाढ-श्रावणांत गच्चीवर ऊन कोठलें? ज्या पावसाकडे आपण डोळे लावून बसतों, ज्याच्यावर उडदाचें पीक उभें राहतें, तोच पाऊस उडदाचा पापड वाळूं देत नाहीं! चार महिने काम थांबलें. नव्या धंद्यास चार महिन्यांचा खंड म्हणजे पेरणीनंतरची उघडीपच समजावी. पहिल्या वर्षाची सारी विक्री ६,१९६ रुपयांची झाली.

दुसरा पावसाळा आला तेव्हां त्यांनीं एक खाट आणली आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर पसरावयाचे आणि खालीं स्टोव्ह पेटवून ठेवावयाचा. एवढीच ती युक्ति. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' अशी आपल्यांत म्हण आहे. या बायकांनींही खाटल्याचाच आश्रय केला, पण खालीं आंच लावून. पाऊस पडावयाचा तो पडला, आणि काम चालूं राहिलें. पावसास बोल लावीत दुसऱ्यांदा चार महिने त्या बसल्या नाहींत. पहिल्या वर्षीं मात्र बसावें लागलें, हें विसरूं नये. त्या वर्षीं त्यांचा उद्योग कमी होता असें नव्हे. उन्हावांचून पापड कसा वाळवावा, हें त्यांस ठाऊक नव्हतें, आणि पहिल्या पावसाळ्यानें तें शिकविलें. आपल्याकडे एकाच ओढ्याचें पाणी एकाच बांधावरून तिसऱ्या वर्षीं पिकांत शिरतें, आणि आपण तिसऱ्या वर्षींही कपाळास हात लावतों.

पुढें दुसरीच अडचण निघाली. तीन महिन्यांत सातांच्या पंचवीसजणी झाल्या, दुसऱ्या वर्षीं दीडशें, तिसऱ्या वर्षीं तीनशेंहून अधिक. गच्ची पुरेना. तेव्हां पीठ एके ठिकाणीं मळून लाट्या घरीं न्यावयाच्या, पापड घरीं लाटून वाळवावयाचे आणि आणून द्यावयाचे, अशी रीत पडली. ज्यांचीं मुलें लहान होतीं, ज्यांस घराबाहेर बसणें शक्य नव्हतें, अशा बायकांनाही त्यामुळें काम करितां आलें. जागेच्या तुटवड्यांतून जी वाट काढली तीच धंद्याची मुख्य वाट ठरली. आरंभीं त्या हलक्या प्रतीचाही एक पापड करून स्वस्त विकीत असत. पारेख यांनीं तो बंद करावयास लावला आणि हिशेब चोख ठेवण्याचा आग्रह धरिला. असा सल्लागार लाभणें हें सुदैव खरें, पण त्याचें ऐकणें हें सुदैव नव्हे.

तथापि या कथेंतही उद्योगानेंच सर्व साधलें असें म्हणणें खोटें होईल. १९६१ सालीं मालाडास शाखा काढण्याचा यत्न झाला, तो फसला. तेंच पीठ, तीच लाटण्याची रीत. गिरगांवांत रुजलेलें बीं मालाडांत रुजलें नाहीं. ८० रुपये विश्वासानें देणारा गृहस्थ ओळखींत असणें, भुलेश्वरासारखी पेठ पायीं जाण्याच्या अंतरावर असणें, १९६६ सालीं खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळणें, यांतील कांहीं भाग दैवाचाच. पापड लाटतां येणाऱ्या सात गृहिणी त्या काळीं गिरगांवच्या कोणत्याही वाडींत मिळाल्या असत्या. सुदैवाचा वांटा कबूल केल्यानें या सातजणींचें यश तिळमात्र उणें होत नाहीं. उलट त्यांनीं त्या सुदैवाचें काय केलें, तें त्यामुळेंच नीट दिसतें.

आमच्या मतें त्या संस्थेचें खरें शहाणपण वांटणींत आहे. नफा असो वा तोटा, तो सर्व भगिनींनीं वांटून घ्यावयाचा. आणि तोटा आला तरी देणगी मागावयाची नाहीं, असा निश्चय त्यांनीं आरंभींच केला. आज तेथें ४०,००० हून अधिक स्त्रिया काम करितात. एकीच्या माथीं आला असता तर जो तोटा तिला पार बुडविता, तो अनेकींत पातळ होतो. संघाच्या सभासदांनीं ही गोष्ट मनांत ठेवावी. आम्ही तिच्याकडे पुन्हां येणार आहों.

दुर्दैवाशीं कसें वागावें याची ही कथा झाली. सुदैवाशीं वागणें त्याहून कठीण, आणि त्याचीही साक्ष मुंबईच देते. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें, दक्षिणेकडील बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला. आपल्याकडील कापसाचे भाव कित्येक पटींनीं चढले. त्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचा किंवा खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्यांचा पराक्रम कोणता? कांहींच नाहीं. त्या पैशावर मुंबईंत बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या, आणि बॅक बे बुजविण्याच्या कंपनीचे भाग मूळ किमतीच्या अनेक पटींनीं विकले गेले. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि हा सारा डोलारा कोसळला. सट्ट्याचे अग्रणी प्रेमचंद रायचंद यांचीही त्यांत वाताहत झाली. भरभराटीच्या दिवसांत, १८६४ सालीं, त्यांनीं विद्यापीठास दिलेल्या देणगींतून त्यांच्या मातेच्या नांवाचा राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला, तो मात्र अद्याप उभा आहे.

शेतकऱ्यांचें काय झालें? त्या दिवसांत गाडीच्या चाकांस चांदीच्या धावा बसविणारे शेतकरी होते, अशी आख्यायिका आहे. तींत अतिशयोक्ति असेल. पण पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील पुढची हकीकत अतिशयोक्तीची नाहीं. धान्याचे भाव चढले, लोहमार्गाच्या कामावर मजुरी मिळूं लागली, आणि सावकारांनीं सैल हातानें कर्जें दिलीं. चढत्या भावांकडे पाहून सरकारनें शेतसाराही वाढविला. मग भाव उतरले. सारा आणि कर्ज मात्र उतरलें नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत सुप्यास दंगा पेटला आणि गांवोगांव सावकारांचे कागद हिसकून जाळण्यांत आले. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा. दैव देतें आणि कर्म नेतें असें आपण म्हणतों. पण येथें कर्म एकट्या शेतकऱ्याचें नव्हतें, सारा वाढविणाऱ्याचेंही होतें, हें सांगणें प्राप्त आहे. कांद्यास एखाद्या वर्षीं भाव आला कीं पुढल्या वर्षाच्या भरंवशावर कर्ज काढणारे आमचे बंधु आजही आहेत. असो.

आतां लालबाग-परळाकडे येऊं. कारण तरुण सभासदाचें म्हणणें ज्यास पटतें त्यानें येथें थोडा वेळ थांबलें पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंत हे पुढारी, आणि संपकरी सुमारें अडीच लाख. संप मागें घेतल्याची रीतसर घोषणा झालीच नाहीं. तो विरत गेला, आणि त्याच्यामागून एकेक गिरणी विरत गेली. संप चुकला कीं मालक चुकले, जुनी यंत्रें बदललीं नाहींत हें खरें कारण कीं गिरणीखालच्या जमिनीचे भाव हें खरें कारण, यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत आम्ही शिरत नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, रात्रपाळी-दिवसपाळी करून, एका खोलींत पाळीपाळीनें निजून, गांवीं मनिऑर्डर धाडणाऱ्या या माणसांस आळशी कोण म्हणेल? साचा चालविण्यांत ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्यांचें काम गेलें, कामचुकारांचेंही गेलें. येथें पाभर तयार होती, बैल तयार होते, ढगच दुसरीकडे वळले होते.

त्यांतले पुष्कळजण गांवीं परतले. ज्यांची वडिलोपार्जित जमीन भावकींत टिकून होती, ज्यांनीं गिरणीच्या पैशांतून विहीर खोदली होती, त्यांचे दिवस कसेबसे निघाले. ज्यांनीं आपला वांटा विकून टाकला होता, त्यांस परतण्यास जागा उरली नव्हती. आमच्याच भागांत हीं दोन्ही प्रकारचीं घरें आहेत. पहिल्यांनीं अधिक कष्ट केले होते असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्यांनीं एक दोर राखून ठेवला होता, इतकेंच. आणि कित्येकांस तो दोर राखतांही आला नाहीं, कारण जमीन विकली ती बहिणीच्या लग्नासाठीं किंवा बापाच्या दुखण्यासाठीं.

याच वस्तींत खानावळी चालविणाऱ्या बायका होत्या. एकेका खोलींत कामगारांच्या मेळ्याचें जेवण रांधावयाचें. पगार झाला म्हणजे ते पैसे देत. तोंवर वाण्याची उधारी, आणि उधारीवर जबर व्याज. पहांटे चूल पेटवून रात्रीं उशिरां खरकटें काढणाऱ्या या बायकांएवढें क्वचितच कोणी राबलें असेल. पण वर्षानुवर्षें त्या होत्या तेथेंच राहिल्या, कारण राबण्याचें फळ व्याजांत जाई. १९६९ सालीं १४ मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें आणि लहान धंदेवाल्यांस कर्ज देण्याकडे बँका वळल्या. हा त्यांच्या शेतावरचा पाऊस. परंतु बँकेस द्यावयास तारण नाहीं, आणि तिच्या पायऱ्या चढण्याचें धैर्य नाहीं. गोवा मुक्तीच्या लढ्यांतून आलेल्या प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं या बायकांस एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें. बायका एकमेकींस जामीन राहिल्या आणि बँकेनें कर्ज दिलें. पाऊस १९६९ चा आणि पेरणी १९७५ नंतरची. मधलीं वर्षें पाभरीवांचून गेलीं. पुढें गिरण्या बंद पडून खानावळींचें गिऱ्हाईकच नाहींसें होऊं लागलें, तेव्हां मंडळाच्या बायका कचेऱ्यांस व समारंभांस जेवण पुरवूं लागल्या. नवरा गिरणींतून घरीं बसला असतां कितीतरी घरें या चुलींवर चाललीं.

या वस्तीची आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. गिरण्यांच्या जमिनींवर उंच इमारती उठल्या, आणि ज्यांनीं त्या गिरण्या चालविल्या त्यांस घरें देण्याची वेळ आली. तेव्हां काय झालें? सोडत! २०१२ च्या जून महिन्यांत म्हाडानें गिरणी-कामगारांच्या घरांची सोडत काढली. घरें सुमारें ७,००० आणि अर्ज लाखाहून अधिक. ज्यानें तीस-तीस वर्षें साचा चालविला तो माणूस आपला क्रमांक निघतो कीं काय हें पाहत बसला. कित्येकांच्या वतीनें त्यांच्या विधवा आणि मुलें बसलीं. हें दैव आकाशांतून पडलेलें नव्हतें. जेथें मागणाऱ्यांच्या मानानें घरें थोडीं बांधलीं जातात तेथें सोडत काढावी लागते, आणि मग ज्याचा क्रमांक लागला नाहीं त्यास नशिबाचा दाखला देतां येतो. 'ज्याचें त्याचें नशीब' म्हणण्यापूर्वीं आमच्या वृद्ध मित्रांनीं तें नशीब कोणाच्या हातचें, एवढें विचारीत जावें.

आतां कोठीकडे वळूं. सामाईक कोठीनें पाऊस पडणार नाहीं, हें खरें. परंतु ज्यानें वेळेवर पेरलें आणि ज्याचें पीक पावसाच्या उघडिपीनें गेलें, त्यास पुन्हां पाऊस आल्यावर बियाण्यासाठीं दुकानदाराच्या दारीं उधारीस जावें लागूं नये, दुसरा वाफसा त्यास गांठतां यावा, एवढें तिनें होईल. आळशी लोक तिच्यावर विसंबतील, ही भीति खोटी नाहीं. म्हणून आमची दुरुस्ती अशी कीं, पहिली पेरणी झाल्याची नोंद ज्यानें संघाच्या वहींत आठ दिवसांच्या आंत केली असेल त्यासच बियाणें मिळावें, आणि सुगींत तें पायलीमागें एक चिपटें अधिक घालून परत यावें. दुसरी दुरुस्ती बियाण्याबद्दल. जुलैचा पहिला पंधरवडा उलटल्यावर उडीद आणि मूग पेरण्यांत अर्थ नसतो; फुलें-शेंगा धरण्यास पुरेसे दिवस राहत नाहींत. दुबार पेरणी बहुधा त्याच सुमारास येते. तेव्हां कोठींत उडीद थोडा ठेवून बाजरी, तूर आणि सूर्यफूल यांचें बीं अधिक असावें. संकरित वाणाचें घरचें बीं पुढल्या वर्षीं तसें उगवत नाहीं, म्हणून तें घेऊं नये. सरळ सुधारित वाणाचेंच घ्यावें. डाळीच्या बियाण्यास भुंगा लवकर लागतो. तें कडक उन्हांत वाळवून, राख मिसळून ठेवावें आणि दरवर्षीं बदलावें. कोठीच्या किल्ल्या दोघांजवळ असाव्यात, एकाजवळ नसाव्यात.

सूचना दुरुस्त्यांसह अक्षय्य तृतीयेनंतरच्या सभेपुढें येईल. ज्यांचा विरोध कायम असेल त्यांनीं आपलीं कारणें लेखी पाठवावीं. तीं आम्ही पुढील अंकांत जशींच्या तशीं छापूं.